गाडीवाल्या मावशीचा राग

गाडीवाल्या मावशीला कुणी "उपकार झाले" म्हटलेलं खपत नसे. म्हणणाऱ्याच्या अंगावर ती धावून जायची. "उपकार? पाठ मोडली तुजी, का अक्कल बी मोडली?" हे तिने मला पहिल्याच दिवशी ऐकवलं.

गिरणीच्या गोदामात कापसाची गासडी अंगावर कोसळली आणि माझी पाठ कायमची गेली. गिरणीने घरी बसवलं. बसून हातमाग चालवता येत होता, म्हणून घरीच लुगडी विणू लागलो. पण पेठेतून सूत आणायचं कसं? पहिल्याच खेपेला गठ्ठा डोक्यावर घेतला आणि भर रस्त्यात मटकन बसलो. मागून हातगाडी आली. एका बाईने काही न विचारता गठ्ठा गाडीत टाकला आणि घर येईपर्यंत मला शिव्या घातल्या.

ती वळसंग गावची. तिच्या नवऱ्याचा गुडघाही गिरणीतच फुटला होता. लाजेपायी त्याने कुणाची मदत मागितली नाही. विणलेला माल डोक्यावर घेऊन लुगडी विकत घेणाऱ्या एका पेढीचा जिना चढताना पडला, तो उठलाच नाही. "तोंड हुतं की त्याला! एक हाक मारायला काय झालं हुतं?" मेलेल्या माणसावरही ती चिडायची. तेव्हापासून गल्लीतल्या आम्हा पाच-सहा अधू विणकरांची ओझी तीच वाहायची.

त्या पेढीच्या शेठचा नियम एकच: ज्याने विणलं, त्यानेच माल माडीवर आणून दाखवायचा. मावशी घेऊन गेली की दिवाणजी तिला हाकलून देत. एकदा भर बाजाराच्या दिवशी ती आम्हा विणकरांनाही सोबत घेऊन गेली, गाडी जिन्याच्या तोंडाशी आडवी लावली आणि चाकाला टेकून बसली.

"ए बाई, वाट सोड!" दिवाणजी वरून ओरडले.

"न्हाय सोडत. ह्यास्नी चढता येत न्हाय. तुमाला तर उतरता येतंय की!"

गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी शेठ स्वतः खाली आला, दात-ओठ खात. त्या दिवसापासून आमचा माल खाली ओट्यावरच बघू लागले.

"जिंकलीस, मावशी," मी म्हणालो.

"काय जिंकलं? माजा माणूस ह्याच जिन्यावर पडला. तवा का न्हाय उतरला रं ह्यो?" ती रडत होती, आणि रडताना गाडीवर मुठी आपटत होती.

दोन वर्षांनी ती तापाने गेली. धडधाकट माणसांनी तिला उचललं. तिने ज्यांची ओझी वाहिली, त्या आमच्यापैकी एकालाही खांदा देता आला नाही. आम्ही मागून लंगडत चाललो. शेजारचा एक जण म्हणाला, "चालायचंच."

मला नाही चालत. अजूनही नाही.