लेझरच्या तिसऱ्या दिवशी आईने दृष्ट काढली

मागच्या महिन्यात धारूरला घरी आले होते. दिवसभर अंथरुणावर, डोळ्यांवर काळा गॉगल... लेझर होऊन तिसरा दिवस होता.

चौथीपासून चष्मा. नंबर वाढत वाढत साडेसहावर गेलेला. सकाळी चष्मा शोधायचा तर त्यालाही चष्मा लागायचा. संभाजीनगरला नोकरी लागली तेव्हापासून एकच ध्यास, हा चष्मा घालवायचा.

ऑपरेशन तिथेच केलं. दुसऱ्या दिवशी तपासून डॉक्टर मॅडमनी घरी जाऊ दिलं, पण चांगलं बजावून. बुबुळावरचा पातळ पापुद्रा उचलून, खाली लेझर मारून तो परत बसवलेला असतो. टाके वगैरे काही नाहीत. तो धरेपर्यंत डोळा चोळायचा नाही, धूळ नको, धूर नको.

हे सगळं मी आईला नीट समजावलं. तिनेही माझं अंथरूण आतल्या खोलीत घातलं. चूल बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये, तीही फक्त पाणी तापवायला.

घोळ केला तो शेजारणींनी. सकाळपासून बघायला रीघ लागली. प्रत्येकीला गॉगल काढून डोळे दाखवायचे. "अगं बया, चष्मा न्हाई तर कसली नक्षत्रावानी दिसती गं तुझी लेक!" बाया कौतुक करत होत्या आणि आईचा चेहरा पडत चालला होता. मला तो चष्म्याशिवायही स्पष्ट दिसत होता.

बाया गेल्या तशी आई मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन आली. माझ्यावरून उतरवल्या. म्हटलं करू दे, तिचं समाधान... फक्त जाताना बाहेरचं दार लोटून घे म्हणाले. "लोटते की," म्हणत ती चुलीकडे गेली.

आता आमच्याकडचा हिशोब असा. मिरच्या विस्तवात टाकल्यावर ठसका लागला, तर दृष्ट नव्हती. ठसका लागलाच नाही, तर दृष्ट जबर! त्या दिवशी वारं बाहेरच्या बाजूला होतं, धूर सगळा शेळ्यांच्या गोठ्याकडे गेला. आईला ठसका लागला नाही. तिच्या जिवाचं पाणी झालं. तिने आणखी एक मूठ टाकली, आधीच्यापेक्षा मोठी... आणि नेमकं वारं फिरलं.

आधी वास आला. मग खोकला. आणि मग डोळ्यांत जी आग झाली, ती सांगता येणार नाही. गॉगल कधी काढला, हात कधी वर गेला कळलंच नाही. मी उजवा डोळा चोळला. एकदाच... पण चोळला.

थोड्या वेळाने डावा निवला, दिसायला लागलं. उजव्यातून मात्र समोर आलेली आई पाण्यात पडल्यासारखी दिसत होती. मॅडमना फोन लावला. ड्रॉप टाका, वरून झोपताना लावायला दिलेली प्लॅस्टिकची वाटी लावा, हात अजिबात लावू नका आणि आत्ताच्या आत्ता निघा.

चुलत भावाने गाडी काढली. आई अंगावरच्या लुगड्यानिशी शेजारी बसली आणि माझी दोन्ही मनगटं धरली. मी झोपेतसुद्धा डोळ्याला हात लावू नये म्हणून. बीड गेलं, गेवराई गेलं, तिने पकड ढिली केली नाही. माझ्या बोटांना मुंग्या आल्या.

डोक्यात एकच. उजवा डोळा गेला. चांगला चष्मा होता, सुखाने जगत होते, कुठून ही दुर्बुद्धी सुचली! आणि खरं सांगते, आईचा भयंकर राग आला होता. तोंड उघडलं असतं तर काय बोलले असते देव जाणे, म्हणून गप्प बसले.

दवाखान्यात मशीनवर हनुवटी टेकवली. मॅडमनी दोन्ही डोळे आलटून पालटून तपासले. शेवटी म्हणाल्या, पापुद्रा सरकलेला नाही, पण एका बाजूला बारीक सुरकुती पडलीय. आत्ताच सरळ करते. उद्यावर टाकलं असतं तर अवघड होतं.

थेंब टाकून डोळा बधीर केला आणि सुरकुती काढली. डोळा वाचला.

मग मॅडमनी मोर्चा आईकडे वळवला. "अहो आजी, निदान दार तरी लावायचं!"

"मॅडम, दार लोटलेलंच दिसलं की मला."

इतका वेळ दाबून धरलेलं माझ्या तोंडून निघालंच. "सताड उघडं होतं, आई!"

मॅडमनी मला हाताने थांबवलं. चुलीपाशी बसल्यावर दार तिच्या कोणत्या बाजूला येतं, विचारलं. डाव्या. त्यांनी आईला खुर्चीत बसवलं, तिचा उजवा डोळा झाकला आणि समोर बोटं धरली. "किती बोटं आहेत?"

"कुठं हायेत बोटं?" आई म्हणाली.

पिकलेला मोतीबिंदू. दोनेक वर्षं तरी ती एकाच डोळ्यावर चाललीय, मॅडम म्हणाल्या. मी आईला विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणते, "तुझ्या दोन डोळ्यांचं चाललं व्हतं बये. त्यात माझ्या एकाचं कावून सांगू?"

राग कुठल्या कुठे गेला. मला तिथेच रडू फुटलं आणि मॅडम ओरडल्या, चोळायचं नाही हं!

गेल्या आठवड्यात आईचं ऑपरेशन झालं. त्याच मॅडमनी केलं, त्यांचे आभार किती मानू तेवढे कमीच. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी आईच्या समोरच उभी होते. ती बघतच राहिली... वाटलं, आता म्हणेल, दिसतंय गं.

"एवढी कवा वाळलीस गं तू?" म्हणाली.