सैल पट्टा आणि खालचा सूर

गळ्याच्या ऑपरेशननंतर बायकोचा आवाज बसला तो बसलाच. सहज लागणारा तार षड्ज गेला आणि तिनं तानपुऱ्याला खोळ चढवली. त्याच सुमारास मला जुन्या बाजारात एक विलायती तबकडी मिळाली. मोठा वाद्यवृंद आणि एकात एक गुंफलेली गाणी. काही पुरुषाची, काही बाईची. भाषा आम्हाला ओ की ठो कळत नव्हती.

पुरुष जरा कण्हल्यासारखा गायचा. बाईचं शेवटचं गाणं लागलं की मात्र बायको शेंगा सोलायची थांबायची. आवाज थेट खर्जात आणि लय अगदी ठाय. विलंबित ख्यालावर पोसलेले आमचे कान, आम्हाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट साहेबाच्या देशातही एवढा धीर असलेली माणसं आहेत, म्हणून मी पाहुण्यांना धरून धरून ऐकवायचो.

"बाई असून इतकं खाली गाते, तरी गोड लागतंय की," बायको म्हणाली, आणि त्या भरवशावर तिनं खोळ काढली. तानपुऱ्याचा सूर खाली उतरवून ती पुन्हा गाऊ लागली.

मागच्या महिन्यात मुलीनं पुण्याहून तेच ध्वनिमुद्रण मोबाइलवर पाठवलं. लावलं तर पुरुष एकदम तरणाबांड, आणि बाईचा आवाज चांगलाच वर, चाल झपझप. मी उठून रेकॉर्ड प्लेअर उघडला. त्याचा तबकडी फिरवणारा मूळ पट्टा तुटल्यावर आमच्या रेडिओवाल्यानं सायकलच्या ट्यूबचा कापून बसवला होता. तो सैल होता. तबकडी इतकी वर्षं रेंगाळतच फिरत होती, आणि सूरही खाली ओढत होती.

जिच्या जोरावर ही गायला लागली, ती बाई तसं गातच नव्हती. पण लपवणार कसं? ही समोरच बसली होती. मी पट्टा दाखवला. तिनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"छान गाते हो. बासऱ्या आत्ता कुठं नीट कळल्या," ती म्हणाली. मग, "म्हणजे तितकं खाली मी एकटीच गात होते म्हणा की."

हे बोलताना तिच्या आवाजात जुना ताठा होता. तो ऐकून मला फार बरं वाटलं.

मी नवा पट्टा मागवून बसवला. आता तबकडी खऱ्या चालीनं फिरते, आणि पुरुषही आवडायला लागलाय. शेवटच्या गाण्याला ती बाई वर गाते, आणि स्वयंपाकघरातून ही खाली.