म्हाताऱ्या मोटरची दवा

पोळ्याचे ढोल वाजू लागले की लोकांना बैल आठवतात, मला एक म्हातारी मोटर आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण इतका साधा आणि इतका अवघड तपास दुसरा केला नाही. त्यातल्या कोणाचेही नाव मी इथे घेणार नाही. ती माणसे गेली, पण त्यांची लेकरे-नातवंडे अजून त्याच गावांत नांदतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते आणि आमच्याकडे निजामाचे राज्य होते. आज ज्याला हिंगोली जिल्हा म्हणतात तो मुलूख तेव्हा परभणीत होता. मी औंढ्याच्या ठाण्यावर अमीन होतो. अमीन म्हणजे आजचा फौजदार. ठाणे म्हणजे दोन खोल्या, एक कोठडी आणि पुढे पडवी. रोजनामचा उर्दूत लिहायचा आणि शिव्या मराठीत द्यायच्या, असा कारभार होता.

जवळा बाजारच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे एक जुनी मोटर होती. त्या व्यापाऱ्याला आपण मालक म्हणू. लढाईमुळे नवी मोटर मिळत नव्हती, सुटे भाग मिळत नव्हते, पेट्रोल कुपनावर मिळे. जी गाडी होती तिलाच मारूनमुटकून चालवायचे, असा काळ होता. श्रावणात ही मोटर नागनाथाचे यात्रेकरू आणायची आणि न्यायची. चालवणारा एक वयस्कर मुसलमान ड्रायव्हर होता. सगळा रस्ता त्याला चाचा म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो.

पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. मालकाचा धाकटा भाऊ मोटरीतून औंढ्याला येत होता. चढावर चाचाने खालचा गियर टाकायला वरचा काढला, तर खालचा पडेना. तेवढ्यात इंजिन गुरगुरून बंद पडले. ब्रेक जुने, ते धरेनात. मोटर उताराने मागे घसरली आणि नाल्यात कलंडली. चाचा खरचटण्यावर वाचला. भावाचा पाय गाडीखाली चिरडला आणि पुढे दवाखान्यात गुडघ्याखालून कापावा लागला.

मालकाने त्याच दिवशी ठाण्यात येऊन फिर्याद दिली. म्हणणे असे की ड्रायव्हरने मुद्दाम मोटरीत काहीतरी घातले. कारणही तयार होते. हिंगोलीचा दुसरा एक मोटरवाला चाचाला आपल्याकडे बोलावत होता, आणि पोळ्याच्या आधी मालकाचे आणि चाचाचे भर बाजारात वाजले होते. मालक आठवडी बाजारात मोटरीच्या दवेच्या बाटल्या घेत होते आणि चाचा नको म्हणत होता. भांडण सगळ्या बाजाराने ऐकले होते.

मी हिंगोलीहून मिस्त्री बोलावून पंचांसमोर इंजिन आणि गियरची पेटी उघडवली. आत तेलाऐवजी राळेसारखा चिकट तपकिरी थर होता. तेलाच्या वाटाच बुजल्या होत्या. मिस्त्रीने बोटाला लावून पाहिले आणि सांगितले की हे मोटरीचे तेल नाही, पण आहे काय ते मलाही ठाऊक नाही. तो थर मी बरणीत घालून सील केला.

दुसऱ्या दिवशी खबर आली. मोटर उभी राहायची तिथल्या हॉटेलवाल्याने हळूच येऊन सांगितले की त्या दिवशी सकाळी चाचा इंजिनात बाटली रिकामी करताना त्याने डोळ्यांनी पाहिला. खबर देणारा माणूस नजर चुकवत असेल तर मी सावध होतो. हा नजर चुकवत नव्हता. खरे तेच सांगत होता. चाचाला मी कोठडीत घातले.

चाचाने बाटली नाकारली नाही. मालकांनी आणून दिली आणि घाल म्हणाले, म्हणून घातली, एवढेच त्याचे म्हणणे. मालक म्हणाले, बाटली मी दिली हे खरे, पण आतला माल याने बदलला असणार. आणखी काही मोटरीत घातले होते का, असे मी मालकांना दोनदा विचारले. दोन्ही वेळा नाही म्हणाले.

चाचाची बायको रोज भाकरी फडक्यात बांधून आणायची आणि पडवीच्या कडेला बसून राहायची. तिला कैदेची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. गुन्हा शाबीत झाला असता तर चाचाचे लायसन गेले असते, आणि मोटर चालवण्याखेरीज त्या माणसाला दुसरे काही येत नव्हते. मालकाच्या भावाच्या पायावर नोकराने सूड उगवला, असे नाव घेऊन त्या मुलखात त्याला कोणी बैलगाडीही हाकू दिली नसती. चाचाला मात्र राग आला होता तो दवेचाच. मला म्हणाला, "साब, दवानं म्हातारी मोटर जवान होत न्हाई. साफ तेल द्या, बराबर पाणी द्या, चढावर हळू घ्या. ते सोडून लोक बाटल्या पाजून राहिले."

मी जवळा बाजारला जाऊन दवावाल्याला उचलले. बाजारात फडके अंथरून बसायचा. लाल बाटली पेट्रोलात घालायची, हिरवी इंजिनच्या तेलात, काळी गियरच्या पेटीत. म्हातारी मोटर तरणी करून देतो, असे ओरडायचा. असल्या माणसाला प्रश्न विचारू नयेत. तोंडावर जगणाऱ्या माणसाला गप्प बसलेला अमीन सोसत नाही. मी त्याला समोर बसवले आणि माझा रोजनामचा लिहीत राहिलो. थोड्या वेळाने तो आपणहूनच बोलू लागला. लाल बाटलीत रंग दिलेले रॉकेल आणि कापूर होता, हिरवीत आणि काळीत शिवणयंत्राचे पातळ तेल आणि रंग. शेवटी हात जोडून म्हणाला, "यानं मोटर मरत न्हाई साहेब. सुधरत बी न्हाई."

ठगाचे खरे बोलणे ओळखता येते, कारण ते त्याच्या धंद्याच्या विरोधात जाते. मला ते पटले. पण मग मोटर मारली कशाने? चाचाने खरोखरच दुसरे काही घातले असेल तर ते काय? इथे तपास अडला, आणि मालक रोज निरोप पाठवून चलान कधी करता, खटला कधी भरता म्हणून विचारू लागले.

गाठ सुटली ती ठाण्याच्या पडवीत. पावसाळ्यात लाठ्यांना बुरशी धरते, म्हणून ऊन पडले की आमचे जमादार त्यांना तेल चोळून त्या उन्हात उभ्या करायचे. जमादार जुने, शिस्तीचे. त्या दिवशी एक लाठी उचलायला गेलो तर हाताला चिकटली. वास घेतला आणि तसाच आत जाऊन बरणी उघडली. वास तोच, फक्त जळकट. जमादारांना विचारले, कोणते तेल लावता? ते म्हणाले, अळशीचे. दुसरे तेल लाकडावर ओलेच राहते, अळशीचे वाळून कातडीसारखे बसते, म्हणून बापजाद्यांपासून हेच.

अळशी म्हणजे जवस. आमच्याकडे त्याची चटणी घरोघरी. मी पंच बोलावले आणि ठाण्याच्या चुलीवर दोन लोखंडी तवे ठेवले. एकात मोटरीच्या तेलात दवावाल्याची बाटली मिसळली, दुसऱ्यात मोटरीच्या तेलात अळशीचे तेल. पहिल्या तव्यात तेल तापले, धुरावले आणि तेलच राहिले. दुसऱ्यात घट्ट होत होत तपकिरी राळ जमली. उलथन्याने ओढली तर तार निघाली. पंचांनी बरणीतला थर आणि तव्यातली राळ शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि न सांगताच मान डोलावली.

आता प्रश्न एकच होता. अळशीचे तेल मोटरीत कोणी घातले? ज्याने पोळा पाहिला आहे त्याने उत्तर माझ्याआधी ओळखले असेल. पोळ्याच्या सुमारास आमच्याकडे बैलांना अळशीचे तेल पाजतात. वर्षभर राबलेल्या जनावराच्या अंगात ताकद यावी म्हणून बांबूच्या तिरप्या कापलेल्या नळ्याने ते घशात सोडतात. मी जमादारांना घेऊन थेट मालकाच्या गोठ्यात गेलो.

नळा आढ्याला खोचलेलाच होता. काढून पाहिला. आतून अळशीचा वास, आणि तोंडाशी बाहेरून काळ्या तेलाचे कडे. बैलाच्या तोंडात काळे तेल नसते. ते इंजिनच्या तोंडाला असते. गोठ्यातल्या म्हाताऱ्या गड्याला विचारले, पोळ्याला तेल कोण पाजतो? त्याने अगदी सहज सांगितले, "मालकच पाजतेत साहेब. या घरात तो मान मालकाचा. आमी नुसतं बैलाचं तोंड धरतो."

त्या घरात नळा दुसऱ्या कोणाच्या हातात जातच नव्हता. चाचाच्या तर नाहीच नाही. मोटरीसाठी मालकांनी तोंड धरायला कोणाला बोलावले नव्हते, एवढाच फरक.

मी नळा घेऊन ओसरीवर गेलो. दवाखान्यातून घरी आणलेला धाकटा भाऊ बाजेवर पडून होता, कापलेला पाय पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. मालक शेजारी बसून त्याला वारा घालत होते. मी नळा बाजेवर ठेवला आणि एवढेच विचारले, "मालक, तुमच्या बैलांची तोंडं काळी कधीपासून झाली?"

मालक मोठे माणूस होते. बाजारात त्यांच्यासमोर लोक आवाज खाली करून बोलायचे. त्यांनी पंखा खाली ठेवला आणि नळा हातात घेतला.

"पोळ्याला पाजलं मी," ते म्हणाले. "एक नळा इंजनात, एक गियरच्या पेटीत. श्रावणभर मान्सं वाहून वाहून थकली व्हती बिचारी. चढावर दम लागून राहिला व्हता तिला. बैलाला देतो, तिला काहून न्हाई द्यायचं, असं वाटलं."

मी विचारले, मग फिर्याद का दिली? त्यांनी भावाच्या पायाकडे पाहिले आणि म्हणाले, "याचा पाय माझ्या हातानं गेला, हे कोन्या तोंडानं सांगू?"

धाकटा भाऊ कोपरावर उठला. तो ओरडला नाही. मालकाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, पाय तं गेलाच. चाचाला काहून आत टाकलं?"

मालक रडले. धाकट्या भावासमोर, अमीनासमोर, जमादारासमोर रडले. मला त्यांचा संताप आला होता, तो तिथेच ओसरला. पण कायदा आपल्या जागी. त्यांचा जबाब पंचांसमक्ष घेतला, मुनसिफांपुढे, म्हणजे तेव्हाच्या न्यायाधीशांपुढे, कागद ठेवले आणि चाचाच्या सुटकेचा हुकूम आणला. खोटी फिर्याद दिल्याबद्दल मालकांनाही मुनसिफांपुढे उभे राहावे लागले, आणि ते मुकाट्याने उभे राहिले.

या तपासाने मला जे शिकवले ते पुढे सगळ्या नोकरीत कामी आले. गुन्हा लपवणारा माणूस कुठे ना कुठे फुटतो. लाज लपवणारा लवकर फुटत नाही. म्हणून जिथे वैराने गाठ सुटत नाही तिथे लाज कुठे आहे ते शोधावे. दुसरे असे की नुकसान करणारा दर वेळी वाईट चिंतणारा नसतो. त्या मोटरीला मारले तिच्यावर सगळ्यात जास्त जीव असलेल्या माणसाने.

आता दुकानांत जुन्या गाड्यांसाठी रंगीत डबे मांडलेले असतात. पेट्रोलात घाला, तेलात घाला, गियरमध्ये घाला. पोरे मला विचारतात, घालू का? मी सांगतो, दवावाल्याच्या बाटलीने काही होत नाही आणि घरच्या लाडाने गाडी मरते. वेळेवर साफ तेल बदला आणि चढावर हळू घ्या. हे माझे नाही, चाचाचे आहे.

चाचाला सोडायच्या सकाळी मालक स्वतः ठाण्यात आले होते. पडवीत उभे होते. चाचा कोठडीतून बाहेर आला, बायकोच्या हातातली भाकरी घेतली आणि मालकांसमोर थांबला. आता हा थुंकेल किंवा पाठ फिरवेल, असे मला वाटले. त्याने फक्त विचारले, मोटर कुठे आहे? मालक म्हणाले, घरीच, उघडून ठेवली तशीच.

"मंग चला," चाचा म्हणाला. "धुवायला रॉकेल घ्या सोबत. अळशी पुरती वाळली तं मोटर हातची जाईन."