पॅनवर घोकलेला भूतकाळ

साखर कारखान्यामागं चिपाडांचा ढीग कुणी मुद्दाम रचत नाही. हंगाम संपतो, सहज मागं वळून बघावं तर डोंगर उभा! आमच्या पॅनवरच्या किश्श्यांचं असंच झालंय. एक सांगायला घेतला की चार अंगावर येतात. आता सगळं निभावून गेलंय म्हणून हसतो. तेव्हा मात्र जीव टांगणीला लागलेला असायचा.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. इंदापूर तालुक्यात कालव्याच्या पाण्यावर नवा कारखाना उभा राहिला. उसाच्या रसाचा पाक ज्या मोठ्या भांड्यात शिजून त्याची साखर होते, त्याला पॅन म्हणतात. ते चालवायला आम्ही चौघं. बारामतीचे शंकरराव, पणदऱ्याचे तात्या, मॅट्रिकला दोनदा आपटलेला रघू आणि मी. शिकवायला आणला थेट क्यूबाहून एक साहेब. नाव रामोन, भाषा स्पॅनिश!

सोबत दुभाष्या होता. आठवडाभर त्यानं आमची भाकरी-चटणी खाल्ली आणि एके दिवशी टांगा करून जो भिगवण स्टेशन गाठलं, तो परत आलाच नाही. राहिला मॅनेजर. त्याचं आणि साहेबाचं, दोघांचंही इंग्रजी मोडकं, पण वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेलं. म्हणजे पंचाईतच!

शेवटी साहेबानं पॅनशेजारी फळा टांगला. शिकवायचा स्पॅनिश, तेही फक्त भूतकाळ. मॅट्रिकवाल्या रघूनं मॅनेजरमार्फत विचारलं, "वर्तमानकाळ न्हाय का?"

साहेब म्हणाला, "आत्ता काय चाललंय ते मला दिसतं. पुढं काय होणार ते देवाला माहीत. पाळी बदलताना तुम्ही मला फक्त काय झालं ते सांगा!"

०

पद्धत अशी. साहेब लोखंडी दांडा कठड्यावर आपटणार आणि विचारणार, "कोणी धुतलं?" आम्ही एका सुरात, "लावे!" म्हणजे मी धुतलं. "कोणी उघडलं?" "अब्री!" मी उघडलं. "कोणी सोडलं?" "देहे!" मी सोडलं. दांडा वाजला रे वाजला की उत्तर बाहेर पडलंच पाहिजे. पुढं पुढं तर कुठं बादली आपटली तरी आमच्या तोंडून "लावे" निघायचं!

०

शंकरराव बारामतीहून सर्व्हिस मोटारीनं यायचे. वाटेत डोळे मिटून घोकंपट्टी चालायची. लोकांना वाटलं, माणूस मोठ्या साधनेत आहे. शेजारचा अदबीनं सरकून बसायचा.

एकदा एका म्हातारीनं पायच धरले. "बाबा, म्हस पान्हा चोरतीया. कायतरी करा."

शंकररावांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. तीनदा "लावे, अब्री, देहे" म्हणाले आणि हात वर केला.

दोन दिवसांनी म्हातारी त्याच मोटारीत खरवसाएवढं घट्ट दही घेऊन हजर! "बाबा, येळंला दूध देतीया आता. मंतर कंचा वो?"

शंकरराव आम्हांला म्हणाले, "आता काय सांगू तिला? मी धुतलं, मी उघडलं, मी सोडलं?"

दही मात्र आम्ही चौघांनी संपवलं. झकास होतं.

०

रघूचं पाठांतर सगळ्यांत फर्डं. पाळी संपली की साहेबापुढं उभा राहून घडाघडा, "मी धुतलं, मी उघडलं, मी बंद केलं!" साहेब खूश.

एक दिवस साहेबानं पॅनच्या काचेवर बोट फिरवलं. बोट काळं.

"लावे?" साहेबानं विचारलं.

"लावे!" रघू ठणकावून म्हणाला.

साहेबानं फडकं त्याच्या हातात दिलं आणि तो स्टूल घेऊन समोर बसला. रघू घासत बसला आणि आमच्याकडं बघून कुरकुरला, "पाठ करा म्हणला हुता. धुवा कुठं म्हणला हुता?"

०

तात्यांचं वेगळंच. आयुष्य पणदऱ्याला गुऱ्हाळावर गेलेलं. हंगामभर त्यांनी स्पॅनिशचा एक शब्द उच्चारला नाही. सगळ्यांचा आवाज लागला की हे गप्प. साहेबानं खूण केली की गालातल्या तंबाखूकडं बोट दाखवायचे. तोंड भरलंय, कसं बोलू?

मी एकदा खोदून विचारलं, तर तंबाखू थुंकून म्हणाले, "मी केलं, मी केलं, ह्यो काय जप हाय व्हय? मी म्हणू न्हाय मानसानं. केल्यालं नासतं."

मग त्यांचा अहवाल हातवाऱ्यांनी चालायचा. धुतल्याची खूण, उघडल्याची खूण, पाक चढल्याची खूण. एकदा मॅनेजर जिन्यातून वर आला आणि तात्यांचे हात-पाय बघून तसाच खाली गेला. जाताना मला म्हणाला, "यांना जरा सावलीत बसवा."

०

आता शेवटचा. 

रघूचं लग्न ठरलं. मुलगी इंदापूरची, बाप पेरूचा बागायतदार, सगळे त्यांना आबा म्हणायचे. जुळवलं तात्यांनीच. आबांची एकच अट होती : पोरगा कारखान्यात कायम झाला पाहिजे. कायम करायचं की नाही, हे साहेब हंगामाच्या शेवटी सांगणार होता. रघूच्या आईनं तर देव पाण्यात घातले होते.

हंगाम उरकत आला. त्या दिवशी तात्यांची रजा होती. आबांना कारखाना दाखवायला तेच घेऊन येणार होते. रघूनं पॅनवरून आबांची बैलगाडी फाटकात शिरताना बघितली आणि सासऱ्याचे बैल सोडायला जिन्यावरून धूम ठोकली. वाफेची तोटी, म्हणजे कॉक, तसाच उघडा सोडून! शंकरराव आणि मी पलीकडच्या टाकीवर. परत येऊन बघतो तर पॅनमधला पाक थिजून दगड झालेला. हलेना की उतरेना.

रघू धावत वर आला, काचेतून बघितलं आणि कपाळावर हात मारला. 

मॅनेजर तडतडत आला. "ज्यानं हे केलं तो आजच फाटकाबाहेर! साहेब, विचारा यांना!"

रघूचा चेहरा पांढराफटक. आबा आणि तात्या जिना चढून नेमके तेव्हाच वर पोचलेले. तात्यांच्या डोक्याला नवा पटका, हातात पेरूची पाटी.

साहेबानं दांडा उचलला आणि कठड्यावर आपटला. "कोणी सोडलं?"

"देहे!"

रघू म्हणाला. शंकरराव म्हणाले. मीही म्हणालो. आणि सगळ्यांच्या वरताण, पाटीमागून, खणखणीत आवाजात तात्या म्हणाले!

साहेबाच्या हातातला दांडा खाली आला. त्यानं आम्हां तिघांकडं बघितलं, मग रजेवरच्या तात्यांकडं बघितलं.

"काय म्हणाले? कोणी केलं?" मॅनेजर.

"चारही जणांनी," साहेब म्हणाला. "घाला चौघांना बाहेर. उद्या पॅन तुम्ही चालवा."

मॅनेजरनं घाम पुसला आणि आल्या पावली जिना उतरला. हुश्श! असा मोकळा श्वास मी पुन्हा कधी घेतला नाही.

आबा गोंधळले होते. "काय झालं वो?"

"परीक्षा हुती," शंकरराव म्हणाले. "समदे पास."

मग आम्ही पहारी घेऊन पॅनमध्ये उतरलो. साहेबही शर्ट काढून उतरला. साखर फोडता फोडता पाटीभर पेरू संपले. पुढं रघू कायम झाला, लग्नही झालं.

पंगतीत मी तात्यांच्या शेजारी बसलो होतो. म्हटलं, "तात्या, तुम्ही तर त्या दिवशी पाळीवर नव्हताच!"

तात्यांनी जिलबीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "तोंडात तंबाखू नव्हती."