रहीमचाचांचे तुर्की धडे

रहीमचाचा गेल्याची बातमी मला परतूरच्या बाजारात संस्थानच्या राजाविरुद्धची पत्रकं वाटताना कळली. हातातली पत्रकं हातातच राहिली... त्याला आता महिना झाला.

चाचा आमच्या गल्लीतले. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत खेचरं हाकायला गेले, तुर्कांच्या कैदेत सापडले आणि डोंगरात रेल्वेचे बोगदे खोदून परतले. सुलतानाला घालवणाऱ्या तुर्कांबद्दल मिळेल ते वाचून मी भारावलो होतो. त्यांची भाषा शिकायचीच म्हणून चाचांच्या गोठ्यात जाऊन बसायचो. "सू सोउक. पाणी थंड. 'आहे' बोलायची गरज न्हाई. एक्मेक ताझे, रोटी ताजी. बघ, निम्मी तुर्की तर तुला येतेच!" हस्ता म्हणजे आजारी, हस्तायिम, मी आजारी, हस्तासिन, तू आजारी. मी उतावीळ. "चाचा, 'जुलमी राजा मुर्दाबाद' कसं म्हणायचं?" "येड्या, कैद्याला ते कोण शिकवणार? भूक, थंडी, बिमारी, एवढंच शिकलो मी."

एकदा मी विचारलं, 'आजारी नाही' कसं म्हणतात? "हस्ता देयिल," म्हणाले, आणि उठून खेचराला चारा घालू लागले. धडा तिथंच थांबला. चार दिवसांनी स्वतःच म्हणाले, "आष्टीला चल. सदूच्या मायकडं."

सदू त्यांचा जोडीदार, आष्टीचा, कैदेत तापानं गेलेला. चाचा दरवर्षी त्याच्या आईला भेटून यायचे. त्या दिवशी मात्र ओसरीवर बसल्याबरोबर बोलू लागले. "माय, आम्हाला पायी चालवत नेताना तुर्की हवालदार बिमार कैद्यांना एका गावात मागं ठेवून राह्यलता. सदूला ताप होता. मला वाटलं, एकटा राहिला तर मरंल. म्या हवालदाराला सांगितलं, हस्ता देयिल, आजारी न्हाई. तिसऱ्या दिवशी रस्त्यातच गेला. मागं राहिलेले वाचले, माय... म्याच मारला त्याला."

 म्हातारी म्हणाली, "गेला तवा डोकं कुठं व्हतं त्याचं?"

"माझ्या मांडीवर."

"मंग मारला म्हणू नको. जेवून जा."

त्या घरात चाचांना इतकी वर्षं पाणीसुद्धा कोनाड्यातल्या वेगळ्या पेल्यातून मिळायचं. त्या दिवशी तिनं सदूची जेवायची पितळी काढून त्यात भाकरी वाढली. 

या कैदेवर पत्रक काढायचं माझ्या मनात होतं. चाचा नको म्हणाले, मी काढलं नाही. पण आज सांगतो, सदूला चाचांनी मारलं नाही. परक्यांच्या लढाईत गरिबांची पोरं खेचरांमागं धाडणाऱ्यांनी मारलं.

गेल्या आठवड्यात आष्टीला गेलो. चाचा गेल्याचं म्हातारीला कळलं होतं. ओसरीवर खांबाला टेकून बसू लागलो, तशी ती म्हणाली, "तिथं नको, लेकरा. ती रहीमची जागा हाय."