वळणावरचा उजवा हात

हेल्मेटमधून बांगडे घरी आलेले मी पाहिले आहेत. चांगले डझनभर होते, वर केळीच्या पानाचा तुकडा टाकला होता, आणि ते हेल्मेट हँडलला अडकवून माझा दादा ऐटीत अंगणात शिरला होता. ते मी माझ्या पहिल्या पगारातून त्याच्यासाठी घेतलं होतं. मी ते तीनदा साबणाने धुतलं, आत लिंबू चोळलं, दोन दिवस उन्हात उपडं घातलं, तरी आतल्या स्पंजाचा वास जाईना.

"हो वास घेवन हांव हें डोक्यार कशें घालूं गो?" असं वर त्यानेच मला विचारलं. मला त्या दिवशी त्याची, बांगड्यांची आणि आमच्या सगळ्या गावाची शिसारी आली.

दादा पायलट होता. गोव्यात मोटरसायकलवर गिऱ्हाईक नेणाऱ्याला पायलट म्हणतात. पुढचा मडगार्ड पिवळा असतो, तीच त्याची ओळख. आमचं घर इब्रामपूरला, पेडण्याच्या अगदी टोकाला, आणि त्याचा स्टँड डिचोलीच्या बाजारात. मी डिचोलीच्या अलीकडे एका मराठी प्राथमिक शाळेत हंगामी शिक्षिका होते. गोवा राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. सकाळी मी दादाच्या मागे साडी सावरून एका बाजूला बसायची, मांडीवर डब्याची पिशवी, आणि तासभर त्याच्या पाठीकडे बघत जायची. त्याचे केस वाऱ्यावर उडायचे. हे डोकं एक दिवस रस्त्यावर आपटणार, एवढंच मला दिसायचं. बाकी कोणाला ते दिसत नव्हतं याची मला चीड होती.

त्याच्या स्टँडवर सहा-सात पायलट होते. प्रत्येकाकडे हेल्मेट होतं, कारण पुढच्या नाक्यावर पोलीस उभा असायचा. नाका दिसला की हेल्मेट डोक्यावर, नाका मागे पडला की कोपरात. जणू अपघात फक्त पोलिसासमोरच होतात. एकाने आपलं हेल्मेट उलटं ठेवून त्यात मिरच्यांची रोपं लावली होती. दुसरा त्यावर बसून पाव-भाजी खायचा. मी काही बोलले की सगळे फिदीफिदी हसायचे आणि म्हणायचे, मास्तरीणबाई शाळा सुटल्यावरही शाळा घेतात.

आणि रस्ता कसला होता! खाणीचे ट्रक सकाळपासून एकामागोमाग एक धावायचे, वरपर्यंत भरलेले, वर ताडपत्री असली तर असली. प्रत्येक वळणावर ट्रक कलला की ओंजळभर खनिज खाली सांडायचं. त्याची लाल धूळ आमच्या दातांत, कानांत, डब्यातल्या भातात. मग लोकांनी धुळीबद्दल ओरड केली म्हणून पाण्याचे टँकर येऊन रस्ता भिजवू लागले. धूळ बसली खरी, पण भर एप्रिलात रस्त्यावर लाल लोण्यासारखा चिखल तयार झाला. मोटरसायकलचं चाक त्यावर गेलं की मागून कोणीतरी गाडी ओढल्यासारखी घसरायची. ट्रकवाल्याला काय त्याचं? तो वर बसलेला, त्याला आम्ही दिसत सुद्धा नव्हतो.

आमच्या वाटेवर एक वळण होतं, एका बाजूला काजूची झाडं आणि दुसऱ्या बाजूला खोल गटार. त्या वर्षी तिथे एक दूधवाला घसरला आणि गेला. मग कोल्हापूरकडचा एक गवंडी, मागे बायकोला घेऊन कामावर निघालेला, समोरून आलेल्या ट्रकखाली गेला. आम्ही पोचलो तेव्हा लोक गोल करून उभे होते. त्या बाईचा पदर मागच्या चाकात गुंडाळला होता, ती जिवंत होती आणि नवऱ्याची चप्पल शोधत होती. गर्दीतला एक जण पान चघळत दुसऱ्याला सांगत होता, "जागोच वायट." तो थुंकला तोही त्याच लाल चिखलात. मला तिथेच उलटी झाली.

जागा वाईट! जागेने खनिज सांडलं होतं का? जागेने टँकर आणला होता का?

पंचायतीने सभा बोलावली. मीही गेले होते. वळणावर धोक्याचा बोर्ड लावायचा, एवढाच विषय. बोर्ड तयार होता, लोखंडी, पिवळा रंग दिलेला, भिंतीला टेकवून ठेवलेला. फक्त अक्षरं काढायची होती. एकाने मागणी केली, "बोर्ड कोंकणीत जाय." दुसरा ताडकन उठला, "आमी मराठीत शिकिल्ले, मराठीतच जाय." त्यानंतर दोन तास राजभाषा, आंदोलन, कोणाच्या बापाने कुठल्या भाषेत भजन म्हटलं, सगळं निघालं. खुर्च्या सरकल्या, एकाने दुसऱ्याची कॉलर धरली. ज्या भाषेत भांडत होते ती दोन्हीकडची एकच होती. मी मराठीची मास्तरीण, मला दोन्ही बाजूंनी विचारलं, तुमचं मत काय? मी म्हटलं, नुसता ट्रक आणि पडलेला माणूस काढा. कोणालाच ते पसंत पडलं नाही. बोर्ड अखेर लागला, पण कोराच. पिवळा पत्रा, त्यावर एक अक्षर नाही.

देवाची घुमटी मात्र आठ दिवसांत उभी राहिली. तिथल्या राखणदाराचं, म्हणजे ती जागा राखणाऱ्या देवाचं, देणं कोणीतरी विसरलं म्हणून तो रागावला आहे, असा निवाडा झाला. गाऱ्हाणं घातलं, नारळ फुटला, सोरो आणि रोट ठेवला, म्हणजे दारू आणि जाड भाकरी. चिरे लावून, चुना फासून, वर कौलं घालून घुमटी झाली, आणि तीही बरोब्बर वळणाच्या पोटात, जिथे चिखल सगळ्यात जास्त. तेव्हा कोणी भाषेवरून भांडलं नाही. राखणदाराला सगळं कळतं.

माझं देवाशी वैर नाही. घरात दिवा मीच लावायची. पण त्या घुमटीनंतर जे सुरू झालं ते बघून मला किळस यायची. येणारा-जाणारा प्रत्येक मोटरसायकलवाला तिथे हात उचलून कपाळाला लावू लागला. थांबून नव्हे, चालत्या गाडीवरून. आणि देवाला डावा हात कसा दाखवायचा? म्हणून उजवा. ज्या हातात ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, तोच हात हे लोक ऐन वळणावर, ऐन चिखलात सोडून द्यायचे. समोरून ट्रक येत असायचा आणि यांचे डोळे अर्धे मिटलेले.

मी स्टँडवर एकदा ओरडले, की निदान डाव्या हाताने करा. त्यातला सगळ्यात वयस्क पायलट कानाला हात लावून म्हणाला, "डावो हात देवाक चलना, बाय. तूं शिकिल्ली न्हय?"

हेल्मेटचं तर त्याहून वरताण. डोक्यावर असलंच तर वळणाआधी सगळे ते काढायचे. घरी मी आईला सांगितलं की दादाला समजाव, तर आईनेच मला वेड्यात काढलं.

"तोंड धांपून गेलो जाल्यार राखणदार ताका वळखतलो कसो?"

राखणदाराने ओळखलं नाही तर तो राखणार कसा, असा तिचा हिशेब. मी कपाळावर हात मारून घेतला. आई भोळी म्हणून सोडून दिलं असतं, पण दादा हसत हसत तिच्याच बाजूने मान हलवत होता, आणि ते हेल्मेट खुंटीवर, आत कांदे.

मग मी हट्टाला पेटले. त्याला सांगितलं, हेल्मेट पट्टा लावून घालणार नाहीस आणि वळणावर दोन्ही हात हँडलवर ठेवणार नाहीस, तर मी तुझ्या मागे बसणार नाही. आणि खरंच बसने जाऊ लागले. दोन बस बदलायच्या, शाळेत रोज उशीर, मुख्याध्यापकांची बोलणी. दादा रोज बसच्या मागून मोटरसायकल चालवत यायचा आणि मी उतरले की स्टँडकडे वळायचा. आठव्या दिवशी तो सकाळी अंगणात उभा होता, डोक्यावर हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा, चेहरा गणपतीच्या मखरात अडकलेल्या उंदरासारखा.

"बस गो आतां. लोक हांसतात."

लोक हसलेच. स्टँडवर त्याला 'अंतराळवीर' म्हणू लागले. पण माझा दादा एकदा शब्द दिला की दिला. तो पंधरवडाभर तसाच गेला. वळण आलं की त्याचे खांदे आवळायचे, नजर सरळ, दोन्ही हात घट्ट. घुमटी बाजूने निघून जायची आणि मी मागे बसून मनात म्हणायची, जिंकले. आयुष्यात मला एवढा अभिमान पुन्हा वाटला नाही.

याच दिवसांत माझ्या नोकरीचं चाललं होतं. हंगामी शिक्षकांना कायम करणार, अशी बातमी होती. पण कोकणी-मराठीच्या त्या वातावरणात रोज नवी अफवा उठायची. आज मराठी शाळा बंद होणार, उद्या अर्ध्या जागा रद्द. मी रात्र रात्र कुशी बदलायची. एका सोमवारी निरोप आला की कायम झालेल्यांची यादी डिचोलीच्या ऑफिसात लागली आहे, सकाळी येऊन बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादीशिवाय दुसरं काही बोलत नव्हते. दादा चिडवत होता, कायम झालीस की मला नवं हेल्मेट घे, मिरच्यांचं रोप लावायला. मला हसू येत नव्हतं. काजूची झाडं दिसू लागली. रस्ता नुकताच टँकरने भिजवलेला होता. आणि मी, जिने महिनाभर सगळ्या जगाला मूर्ख ठरवलं होतं, त्याच्या खांद्याला हात लावून म्हटलं,

"दादा, आयज म्हजेखातीर हात जोड."

त्याने मान जराशी वळवली. "आनी हेल्मेट?"

"हाड हांगा. हांव धरतां."

त्याने गाडी हळू केली, पट्टा सोडला, हेल्मेट काढून मागे दिलं. मी ते मांडीवर घेतलं. मग त्याने उजवा हात उचलून कपाळाला लावला. मीही डोळे मिटले होते, म्हणून समोरून आलेला ट्रक मी पाहिला नाही. मागचं चाक घसरलं एवढं कळलं. उठले तेव्हा माझं कोपर खरचटलं होतं आणि हेल्मेट माझ्या दोन्ही हातांत होतं, त्यावर एक ओरखडा नव्हता. दादा त्या कोऱ्या पिवळ्या बोर्डाच्या खांबाशी पडला होता.

तो वाचला. मोठ्या हॉस्पिटलात दीड महिना होता. डोक्याला डाव्या बाजूने मार होता, त्यामुळे उजवं अंग गेलं, बोलणं संथ झालं, आणि तो दिवस त्याच्या आठवणीतून पुसला गेला. यादीत माझं नाव होतं. पुढे मी त्याच खात्यातून पेन्शनीत निघाले.

लोकांनी लगेच अर्थ लावला. धारगळची मावशी हॉस्पिटलातच म्हणाली, "हात जोडिल्लो म्हणून वांचलो. ना जाल्यार संपिल्लोच." पंधरा दिवस हात न जोडल्याबद्दल राखणदाराने थोडी शिक्षा केली, आणि शेवटच्या क्षणी जोडला म्हणून जीव ठेवला, असं ठरलं. ठपका माझ्यावर आला, पण तो असा की मी पोराला नास्तिक केलं होतं. खरा दोष कोणालाच माहीत नव्हता. मी सांगितला नाही. त्या दिवसापासून आमच्या घरून दर वर्षी घुमटीला नारळ जातो. आई होती तोवर दादाला रिक्षातून तिथे न्यायची, त्याचा लुळा उजवा हात आपल्या हाताने उचलायची आणि त्याच्या कपाळाला लावायची. मी बाजूला ताट धरून उभी. समोरून मोटरसायकली जायच्या, कोपरात हेल्मेट, उजवा हात वर. मला त्यांची किळस यायची, आणि ताटात दिसणाऱ्या माझ्या तोंडाची त्याहून जास्त.

आता खाणीचे ट्रक पूर्वीसारखे नाहीत आणि आईही नाही. दादा आणि मी दोघंच. तो पडवीत खुर्चीवर बसतो, रस्त्याने गाडी गेली की आवाजावरून ओळखतो. अधूनमधून, वर्षातून चार-पाचदा, तो मला तेच विचारतो, आपण हात का सोडला ते.

"बाय, त्या दिसा हांवें हात कित्याक सोडलो गो?"

"सवय तुजी, दादा," मी म्हणते.

तो डाव्या हाताने माझं मनगट धरतो, मला वाईट वाटू नये म्हणून.

"तूं सांगतालीच गो. हांवेंच आयकूंक ना."

मी त्याचा चहा बशीत ओतते आणि निवेपर्यंत त्याच्याकडे बघत नाही.