शिक्षा झाली आहे का?

"शिक्षा हुई है आपकी?" आरोपीच्या वकिलानं विचारलं.

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी. चंडीगडचं सेशन्स कोर्ट. दाराशी वाळूची पोती, पोत्यांमागं बंदूकवाला जवान. आधीचा प्रश्न होता, तुमच्यावर कधी पोलीस केस झाली होती का. मी नाही म्हटलं होतं. त्याला लागून हा आला. डोकं माझं मराठी. शाळेत माठाला हात लावला म्हणून गुरुजींनी उन्हात उभं केलं होतं, तेवढीच काय ती माझी शिक्षा. ती कोर्टात सांगायची नसते, एवढं कळत होतं.

"नहीं जी," मी म्हणाले. "कभी नहीं हुई."

वकिलानं सावकाश एक कागद वर धरला. माझा पोलिसांपुढचा जबाब. "पुलिस को आपने लिखवाया, बी.ए. पास. आज क़सम खाकर कहती हैं, शिक्षा हुई ही नहीं. मैडम, दोनों में से झूठ कौन-सा है?"

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण.

"साहब, हमारी मराठी में..."

"हाँ या ना," जज म्हणाले.

बाकांवरची माणसं हसली. आरोपीही हसला. वकिलाला जोर चढला. "नौकरी कोटे से लगी होगी. तभी." सरकारी वकील फायलीत डोकं खुपसून बसलेले. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. जबाब इंग्रजीत टाइप झाला. साक्षीदार अशिक्षित आहे, असं त्यात होतं. त्याखाली मी इंग्रजीत सही केली. जाता जाता वकील म्हणाला, "इनके चाल-चलन पर सवाल अभी बाक़ी हैं." पुढची तारीख पडली.

आमच्या वस्तीतली मी पहिली बी.ए. कान तापले होते माझे. रडू येत होतं, पण त्या लोकांसमोर रडायचं नव्हतं.

मी काय पाहिलं होतं ते सांगते. केंद्र सरकारच्या एका ऑफिसात मी टेलिफोन ऑपरेटर होते, एका सेक्टरात गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं एकटी राहायचे. खाली कोपऱ्यावर तुतीच्या झाडाखाली इस्त्रीवाल्याची गाडी असायची. त्या संध्याकाळी मी साडी न्यायला गेले होते. समोरच्या बंगल्यातल्या ठेकेदाराच्या मुलाची मोटार फाटकात वळेना. तो उतरला, शिव्या दिल्या. "हटाता हूँ साहब, कोयला गरम है," इस्त्रीवाला म्हणाला. त्याचं बोलणं पुरं होण्याआधी त्या मुलानं पिस्तूल काढून त्याला गोळी घातली. निखारे रस्त्यावर सांडले होते आणि तो त्यांच्यातच पडला होता.

सकाळपर्यंत सगळा सेक्टर म्हणत होता, स्कूटरवरून अतिरेकी आले नि मारून गेले. पंजाब पेटला होता त्या वर्षांत ते फार सोयीचं होतं. मारायचं कुणीही, नाव अतिरेक्यांचं. पाहिलेल्या माणसांनी खिडक्या लावून घेतल्या. उरले मी. मी खोटी ठरले की ती स्कूटर खरी ठरणार होती, आणि हा पोरगा घरी जाणार होता.

मराठी मंडळात एका मेजरसाहेबांच्या बायकोनं, वहिनींनी, मला बाजूला घेतलं. "अगं, आपण बदलीवरची माणसं. कशाला पडतेस त्यांच्यात? आणि तुमच्या लोकांना ना, जरा भांडायची खोडच असते." बशीत त्यांनीच वाढलेली साबुदाण्याची खिचडी होती. मी बशी तशीच ठेवून निघाले.

मग ऑफिसच्या टेलिफोन बोर्डावर मला फोन यायला लागले. लाइन जोडावी तर नुसता श्वास. एका दुपारी तो श्वास बोलला. "अगली तारीख़ पर बीमार पड़ जाना, मैडमजी. सेहत के लिए अच्छा रहेगा." आवाज फार गोड होता. त्या दिवसापासून जिन्यात पाऊल वाजलं तरी मी दाराला पाठ लावून उभी राहायचे.

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण भीतीच्या तळाशी एक गोष्ट मला दिसायला लागली. गोळी झाडली त्यानं आणि तपासणी चाललीय माझी. माठ खरंच बाटला का, हे शाळेत तरी कुणी पाहिलं होतं? सगळ्यांनी माझा हात पाहिला होता.

तारखेला मी गेले. दारात इस्त्रीवाल्याची बायको उभी होती. "आ गईं, बहनजी?" एवढंच म्हणाली.

वकील तयारीत होता. "तो मैडम, रात को आपके कमरे पर कौन-कौन आता है?"

"इस सवाल का उस गोली से क्या लेना-देना है?" मी जजना विचारलं.

"आप सवाल नहीं पूछ सकतीं. जवाब दीजिए."

"नहीं दूँगी."

टाइपरायटर थांबला. जज पुढं वाकले. "सज़ा हो सकती है. समझती हैं?"

"समझती हूँ, साहब. सज़ा को हमारी मराठी में शिक्षा कहते हैं. उस दिन यही बता रही थी. शिक्षा मेरी नहीं हुई है." मी आरोपीकडं बोट केलं. "इसकी होनी है. लिखिए."

या वेळी कुणी हसलं नाही.  जज टाइपिस्टला म्हणाले, "लिखो." आणि वकिलाला, "अगला सवाल."

दुसऱ्या दिवशी बोर्डावर तोच श्वास. "बीमार नहीं पड़ीं, मैडमजी?"

"नहीं. अगली तारीख़ पर भी आऊँगी. उसके बाद वाली पर भी. और तुम्हारी आवाज़ पहचानती हूँ, वह भी बताऊँगी."

 मी लाइन तोडली नाही. शेवटी फोन त्यानंच ठेवला.